पाच पाकळ्यांची चाकं

माझी गाडी १९७४ची पोर्शे ९१४. दोनच सीटं, त्यांच्या लगेच मागे इंजिन आणि चाकाला चार बोल्ट. थोरल्या ९११ला पाच असतात. मला हवी होती ९११चीच, फुक्स कंपनीची पाच पाकळ्यांची चाकं. दोन्हींच्या बोल्टचं वर्तुळ १३० मि.मी.चं, तेव्हा प्रश्न एका भोकाचा, असं मी धरून चाललो होतो.

सॅन होझेच्या घराच्या गॅरेजात पुढचं चाक उतरवलं आणि हिशेब चुकल्याचं कळलं. या गाडीत पुढची डिस्क आणि हब एकसंध ओतलेले असतात, म्हणजे नुसती डिस्क बदलून भागत नाही. शेवटी मोडीत निघालेल्या एका ९११चे पुढचे दोन्ही स्ट्रट हब, डिस्क, कॅलिपरसकट आणले. या डिस्क २० मि.मी. जाड, आतून हवा खेळणाऱ्या. माझ्या जुन्या भरीव आणि बऱ्याच पातळ. बेअरिंगचा नट आवळताना दुरुस्तीच्या पुस्तकातली खूण उपयोगी पडली: नटामागचा वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, फक्त बोटाच्या जोराने, जरासा सरकला पाहिजे.

मागे काम सोपं होतं. तिथे हब वेगळा, डिस्क वेगळी. हबना मशीन शॉपमधून पाच भोकं पाडून घेतली, पाच भोकांच्या डिस्क चढवल्या.

मग ब्रेकमधली हवा काढायला बसलो. बायको सीटवर, मी गाडीखाली. "दाब." "दाबलं." "सोड." बुडबुडे थांबले, पण पेडल थेट तळाला! "हे असं घेऊन तू फ्रीवेवर जाणार?" तिने विचारलं. मी गप्प.

कारणं दोन निघाली. पहिलं माझ्याच धांदलीचं. ९१४च्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असतो आणि पॅड व डिस्कमधली ०.२ मि.मी.ची फट हाताने लावावी लागते. नवी डिस्क घालताना मी पिस्टन मागे ढकलले होते, ते तसेच राहिले. फीलर गेज घालून दोन्ही बाजूंची फट लावली. पेडल वर आलं, पण पुरेसं नाही.

दुसरं कारण गणिताचं. जुन्या पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ४२ मि.मी.चा, नव्याचा ४८. व्यासात फरक सहाचा, पण क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढतं. पिस्टन तेवढाच सरकायला तेलही तीस टक्के जास्त लागतं, आणि ते पुरवणारा मास्टर सिलिंडर जुनाच, १७ मि.मी.चा. तो काढून १९चा बसवला. पुन्हा "दाब", पुन्हा "सोड". या वेळी पेडल वरच्या वरच घट्ट लागलं.

रविवारी पहाटे रिकाम्या पार्किंगमध्ये आधी चालण्याच्या वेगाने, मग हळूहळू वाढवत ब्रेक मारून पाहिले. गाडी सरळ रेषेत थांबली.

चारही चाकं चढवायला वीस मिनिटं लागली; त्याआधी पाच शनिवार-रविवार गेले. कुणाला अशी चाकं घ्यायची असतील, तर त्याने खर्चाची यादी चाकापासून नको, ब्रेकच्या पेडलपासून सुरू करावी.