शिंगे नसलेली गाय

‘पुस्तकात नेहमी काय असते? चित्रे, पाने, अनुक्रमणिका की प्रस्तावना?’ शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करणारी मुले ‘पाने’वर खूण करून पुढे जातात. असा प्रश्न सोडवणे सोपे, काढणे अवघड. सराव-प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा कस लागतो तो चुकीच्या तीन पर्यायांत. तिथे ‘दगड’ लिहून भागत नाही. जे सोबत हमखास दिसते, पण नसले तरी चालते, तेच शोधून ठेवावे लागते.

मुलांना मी एवढेच सांगतो: एकेक पर्याय काढून टाका आणि विचारा, आता ती वस्तू तीच राहिली का?

ही चाळणी जुनीच आहे. सतराव्या शतकातल्या तर्कपंडित अन्नंभट्टाने आपल्या ‘तर्कसंग्रहा’वरच्या ‘दीपिका’ या टीकेत लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष गायीवर दाखवले. गाय म्हणजे तांबूस जनावर म्हटले, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. शिंगांचे जनावर म्हटले, तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. घोड्यासारख्या अखंड खुराचे म्हटले, तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे तिचे खरे लक्षण. परीक्षेतला ‘नेहमी’ मात्र अतिव्याप्तीची फिकीर करत नाही. पाने वहीलाही असतात. म्हणून ‘पाने’ हे उत्तर झाले, पुस्तकाची व्याख्या झाली नाही. हुशार मुले नेमकी इथे अडतात आणि सोपे उत्तर सोडून देतात.

काही प्रश्न चाळणीतूनही नीट पडत नाहीत. ‘नदीला नेहमी काय असते?’ पर्याय: पाणी, पूल, घाट, होडी. कोकणातला मुलगा बेधडक ‘पाणी’ म्हणेल. माणदेशातला थबकेल, कारण उन्हाळ्यात त्याच्या नदीत नुसती वाळू असते आणि तरीही गाव तिला नदीच म्हणते. म्हणून मी ‘पाणी’ काढून ‘पात्र’ घालतो. प्रश्न काढणाऱ्याने डोळ्यांसमोर फक्त आपलीच नदी ठेवली, तर बुद्धीचे गुण गावाला मिळतात.

सगळ्यात रंगतो तो लग्नाचा प्रश्न: मांडव, वाजंत्री, पुरोहित, वधू-वर. नोंदणी विवाह पाहिलेली मुले पहिले दोन झटक्यात खोडतात. पुरोहितापाशी वर्गात दोन तट पडतात. तेव्हा मी सत्यशोधक समाजाची गोष्ट काढतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये तो स्थापला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय लग्न लागले. पुढे पुरोहितांचे दक्षिणेच्या हक्काचे दावे कोर्टात गेले. आपल्याला उत्तरपत्रिकेवर एक वर्तुळ काळे करायचे असते. तेच उत्तर चारचौघांत द्यायला अशी लग्ने लावणाऱ्या घरांना सगळ्या गावाचा रोष पत्करावा लागला.