मागें जोडलेलें घर

प्रवास म्हणजे घर सोडणें, असा आम्हां मध्यमवर्गीयांचा समज. कुलूप दोनदां ओढून पाहावें, किल्ली शेजारीं द्यावी आणि दोन बॅगा घेऊन निघावें. घरच मागें जोडून निघणारीं माणसें जगांत आहेत हें मला ठाऊक होतें. पण त्यांचा हेवा वाटला तो एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें तेव्हां.

हा विद्यार्थी अमेरिकेंत असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें एक दांडगी पिकअप मोटार आणि ३० फूट लांबीचें चाकांवरचें घर घेतलें, आणि बायकामुलांसह कोलोरॅडोच्या डोंगरांतून यलोस्टोनपर्यंत तें ओढीत नेलें. त्या घरांत बिछाने, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सारें कांहीं आहे. पत्रांत निसर्गवर्णन थोडें आणि वजनाचें शास्त्र फार. घराच्या एकूण वजनापैकीं शेंकडा १० ते १५ इतका भार मोटारीच्या आंकड्यावर पडला पाहिजे. सामान मागच्या बाजूस अधिक झालें, तर वेगांत घर डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाऊं लागतें आणि ओढणाऱ्या मोटारीलाच फरफटत नेतें. अशा वेळीं मोटारीचा ब्रेक करकचून दाबूं नये. वेग हळूहळू उतरूं द्यावा आणि घराच्या चाकांचे ब्रेक तेवढे हातानें लावावे. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा. शेवटीं त्यानें लिहिलें होतें, "सर, घर मागें असलें म्हणजे माणूस कोठेंहि परका राहत नाहीं."

हें वाक्य मला इतकें आवडलें कीं, दिवाळीच्या सुटींत सुप्यास गेलों तेव्हां आईला वाचून दाखविण्यासाठीं तें पत्र बरोबर नेलें. सुपें हें माझें गांव. शहाजीराजांच्या जहागिरींत पुण्याच्या जोडीनें ज्याचें नांव घेतलें जाई, तेंच हें सुपें. परंतु बारामती तालुक्यांत असूनहि उंसाशीं त्याचें नातें दुरूनच. नीरेचा डावा कालवा दक्षिणेकडून निघून जातो. आमच्या वांट्याला ज्वारी-बाजरी, आणि माळावर उड्या मारणारे चिंकारे. गळिताचा हंगाम आला म्हणजे मात्र चौफुल्याकडून मोरगांवकडे जाणारा आमचा रस्ता गजबजतो. बीडकडचे ऊंसतोड मजूर श्रीगोंदें, दौंड करीत याच रस्त्यानें सोमेश्वर-माळेगांवच्या कारखान्यांकडे जातात.

त्या संध्याकाळीं असाच एक ट्रॅक्टर आमच्या दारासमोर बसला. मागें एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. पहिलीचें टायर फुटलेलें. दोहोंत मिळून सहा संसार होते. झोपडीचे बांबू, ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, बाजरीचीं पोतीं, एक शेळी, आणि या साऱ्यावर बसलेलीं माणसें. त्यांना सहा संसार कोणी म्हणत नाहीं, सहा कोयते म्हणतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमानें आगाऊ दिलेली उचलहि कोयत्यावरच मोजली जाते.

नव्या ज्ञानाच्या भरांत मीं ड्रायव्हरला वजनाविषयीं विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, जड वझं पुढं घ्यायचं, हलकं मागं. मागं जड झालं की ट्रॉली शेपूट हलवती. अन् उतारावर गिअर सोडायचा न्हाई. सोडला की दोन्ही ट्रॉल्या मागनं ढकलत्यात." पत्रांतलें सारें शास्त्र त्यानें दोन वाक्यांत सांगितलें. ट्रॉलीच्या ब्रेकांचें विचारतांच तो हंसला. "ट्रॉलीला ब्रेक कुठला, गुरुजी?"

इतक्यांत हंडा घेऊन एक बाई ओट्याशीं आली. पाणी मागून ती संकोचानें म्हणाली, "बाबा, टायर सकाळच्याला हुईल. लेकरं तेवढी ओट्यावर निजवू का?"

मी "पाहतों" म्हणालों. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं माझ्या डोळ्यांपुढें पडवींतलीं तांब्याचीं भांडीं आलीं. घर मागें असलेला माणूस कोठेंहि परका राहत नाहीं, हें वाक्य खिशांत होतें आणि दारांत मी उभा होतों.

आई आंतून आली. तिनें माझ्याकडे पाहिलें देखील नाहीं. "ओट्यावर गार वारं लागतं ग. आत आण लेकरं," ती बाईला म्हणाली. मग चुलीकडे वळतांना हलक्या आवाजांत मला म्हणाली, "बहात्तर सालीं तूं चार वर्षांचा होतास."

मला तेवढें पुरे झालें. १९७२ च्या दुष्काळांत आमचें घरहि असेंच एका बैलगाडींत चढलें होतें. कालव्याकाठच्या एका बागाइतदारानें आम्हांला गोठ्याची एक बाजू रिकामी करून दिली. ही हकीकत मीं कितीदां तरी रंगवून सांगितली आहे. पण त्याच्या दारांत माझ्या आईला किती वेळ उभें राहावें लागलें, हें तिला कधींच विचारलें नव्हतें.

आंत आलेल्या मुलांत एक मुलगी चौथींतली होती. पुस्तक कोठें आहे, असें विचारतां ती म्हणाली, "दप्तर तळाला हाय. कोपी बांधल्यावर निघंल."

सकाळीं चाक बदलण्यासाठीं ट्रॉली अर्धी रिकामी करावी लागली, तेव्हां तें दप्तर सांपडलें. सामान पुन्हां भरतांना ड्रायव्हरनें तें उचलून पाहिलें आणि नियमाप्रमाणें मागें टाकलें. तें हलकें होतें. ती पोरगीहि मागच्या ट्रॉलींतच होती. तिनें तें मांडीवर घेतलें आणि ट्रॅक्टर मोरगांवच्या रस्त्याला लागला.

विद्यार्थ्याला मीं उत्तर लिहिलें आहे. वजनाचे नियम सुप्यालाहि तेच आहेत, असें त्याला कळविलें. त्याच्या शेवटच्या वाक्याविषयीं मात्र कांहीं लिहिलें नाहीं. साखरशाळा निघाल्या, गांवोगांव हंगामी वसतिगृहें निघालीं. तरी दर कार्तिकांत किती दप्तरें अशीं ट्रॉलीच्या तळाशीं जातात. चूल, शेळी, बांबू, सारें आंकड्याला जोडून नेतां येतें. शाळा तेवढी गांवींच राहते.