सोना, बॅगा रिकाम्या कर

प्रिय सोना,



परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, बॅगा अजून अर्ध्याच उघडल्यात. परमिट संपलं की कुठे जायचं ते ठरलेलं नाही, मग कशाला सगळं मांडायचं?" दादा शेजारी बसला होता, म्हणून तेव्हा बोलले नाही. आता लिहिते. बॅगा रिकाम्या कर, सगळं मांड.

तुझ्या लग्नाच्या साड्या आपण गांधीनगरातून घेतल्या, आठवतंय? तिथेच वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या लोकांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. सुटका झाल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली आणि कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठी, त्यांना जागा मिळाली. खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करायचं. घरचे पुरुष सैन्यात होते. त्यातले कित्येक १९४४ मध्ये मॉन्ते कासिनोला लढले. ते ठिकाण इटलीत आहे, तुझ्या माल्टापासून फार लांब नाही.

या बायकांचा इथला मुक्काम किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. युद्ध संपेल आणि परत जाऊ, एवढ्याच भरवशावर त्या होत्या. राहायला कौलारू बराकी, भिंती तट्ट्यांच्या. अशा घरात ट्रंका बांधून बसून राहायला त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती. त्यांनी काय केलं? दारापुढे फुलझाडं लावली. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सगळं उभं केलं. चर्च, दवाखाना, वाचनालय, नाटकाचा रंगमंच, मुलांची स्काउट पथकं. बाजारात माल घेऊन येणारे आपले लोक कामापुरतं पोलिश बोलू लागले. मला यातल्या फुलझाडांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. शाळा-दवाखाना गरजेपोटी निघतो. पण जिने सायबेरियात माणसं गमावली, ती बाई परक्या मुलखात, उद्याचा पत्ता नसताना, रोपाला पाणी घालते, यात केवढी जिद्द आहे!

युद्ध संपलं, पण बहुतेकांची मूळ गावं सोव्हिएत हद्दीत गेली. परतायला घरच उरलं नाही. मग कुणी इंग्लंड गाठलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका. तरी ती मुलं म्हातारपणी पुन्हा कोल्हापूरला आली. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०१९ मध्ये वळिवड्याला नवा स्तंभ उभा राहिला, तेव्हाही काही जण आले होते. वॉर्सातसुद्धा कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. नुसते दिवस ढकलले असते, तर त्यांना या गावाची एवढी ओढ राहिली असती का, सांग.

पुढचं तर तुझ्या अगदी जवळचं आहे. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबं आली. आजची गांधीनगरची कापडबाजारपेठ त्यांनी उभी केली. त्यांच्याच सिंध प्रांतातले दुसरे व्यापारी १८८०च्या दशकापासून माल्टात आहेत, व्हॅलेटात त्यांची दुकानं होती. त्यांचे वंशज अजून त्या बेटावर राहतात, माल्टी बोलतात. त्यांच्यातल्या कुणाकडे एखाद्या रविवारी जा. डाळ कुठे मिळते इथपासून घरभाड्याच्या करारापर्यंत सगळं ते तुला सांगतील.

आता घराचं. थंडीत कपाटामागे काळी बुरशी धरते म्हणालीस. तिथली घरं पिवळ्या चुनखडीची, तो दगड ओल धरतो. जुलैत आपल्या माजघरात होतं तेच हे. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढ, दुपारी ऊन असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघड, ओले कपडे खोलीत वाळत घालू नकोस. पिण्याचं पाणी मचूळ लागतं तेही खरं. बेटावर नदी नाही, निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं करून येतं. पंचगंगेवर वाढलेल्या पोरीला ते जड जाणारच. पण तुमचं घर जुनं आहे, तर खाली पावसाच्या पाण्याची विहीर असेल. घर बांधताना ती काढायची सक्ती तिथे शतकानुशतकं आहे. मालकिणीला विचार. पिऊ नकोस, पण झाडांना ते पाणी उत्तम.

आणि झाडं लाव. तिथे आषाढात थेंब पडत नाही, पाऊस येतो तो दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला. म्हणून तुळस उन्हाळ्यात गच्चीवर ठेवू नकोस, त्या लाकडी बंद सज्ज्यात सकाळचं ऊन लागेल अशी ठेव. मिसळणाचा डबा बॅगेत नाही, ओट्यावर हवा. देव्हारा आधी मांड, मग बाकीचं. जावईबापूंना फळी ठोकायला सांग, पण भिंतीला खिळा मारण्याआधी मालकिणीची परवानगी घ्या.

परत यायचं असेल तेव्हा या, घर तुमचंच आहे. तेव्हा मांडलेलं आवरायला दोन दिवस लागतील, लागू देत.

कांदा-लसूण चटणी आणि तुळशीचं बी पाठवायचं आहे. बी तिकडे चालतं का, ते पोस्टात विचारून कळव, आणि घराचा पूर्ण पत्ता लिहून पाठव.

तुझी,
आत्या
कोल्हापूर