कोल्हापुरात आधी टाऊन हॉल!

दोस्तांनो, कोल्हापूरची सहल म्हणजे अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा हे ठरलेलंच! पण आईबाबांना सांगा, आधी टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय पाहू. तिथे पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. ही मूर्ती सापडली कुठे, तर इथल्याच पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरी टेकडीवर! समुद्रदेव घाटावर कसा आला? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाऱ्यांचा माल जहाजांनी कोकणच्या बंदरांत उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीला उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली वस्तीच उजेडात आली. हे पाहून मग नदीवर जा. ती टेकडी तुम्हाला नुसतं टेकाड वाटणार नाही, बघा!