शिळेचा वादमित्र

देवळात शिरताना उंबऱ्याला हात लावावा आणि तो कपाळी न्यावा, ही सवय आम्हांला आजीने लावली. त्याच सवयीपायी पेरू देशातल्या एका डोंगरमाथ्यावर चारचौघांत ओशाळण्याची पाळी आमच्यावर येईल, हे त्या माउलीच्या स्वप्नातही आले नसेल.

माचू पिच्चू समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवर आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास पाचाकुती या इंका सम्राटासाठी ते वसविले गेले, असे विद्वान मानतात. खाली उरुबांबा नदी डोंगराला वळसा घालते. वर मंदिरांच्या भिंतींत चुन्याचा कणही नाही. दगडाला दगड असा भिडला आहे, की सांधा शोधावा लागतो.

धुके विरले आणि इंतिवाताना ही कातळातूनच घडविलेली शिळा समोर दिसली. सूर्य बांधण्याचा खुंटा, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. नकळत आमचा हात पुढे झाला, तोच रखवालदाराची शिट्टी कडाडली!

वकील ओशाळला की युक्तिवाद शोधतो. आमचा स्पर्श भक्तीचा. त्याला बंदी कसली? पण वाटाड्याने शिळेची एक कड दाखविली. २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात यारी आदळून तिचा टवका उडाला होता. आमचा युक्तिवाद तेथेच खुंटला. दगडाला हेतू कळत नाही. त्याला आघात तेवढा कळतो.

आपल्या न्यायालयांनी देवमूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानले आहे. तिला बोलता येत नाही, म्हणून वादमित्र तिच्या वतीने उभा राहतो. या शिळेचा वादमित्र कोण? १९११ साली हायरम बिंगहॅम येथे आले आणि जगाने त्यांना शोधक म्हटले. वास्तविक तेव्हा येथे शेतकरी कुटुंबे नांदत होती. एका पोरानेच त्यांना अवशेष दाखविले. भिंतीवर लिसारागा नावाच्या स्थानिक माणसाने १९०२ सालीच आपले नाव लिहिले होते. पुढे उत्खननातल्या वस्तू अमेरिकेत येल विद्यापीठात गेल्या. पेरूने २००८ साली दावा लावला, २०१० साली समेट झाला, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत त्या वस्तू मायदेशी परतल्या. शंभर वर्षांनी का होईना, मुक्या वस्तूंच्या वतीने कोणी बोलले.

स्पॅनिश सैन्य १५३३ साली कुस्कोत शिरले. त्याच शतकात गोव्यात आमच्या पूर्वजांनी मोडत्या देवळांतून देव उचलून नदीपार नेले. देव टिकतो तो दगडाच्या बळावर नव्हे. त्याच्यासाठी कोणीतरी उभे राहते म्हणून.

उतरताना आम्ही मागे वळलो. रखवालदाराने शिट्टी ओठांशी नेली. आम्ही जागचे न हलता दुरूनच शिळेला हात जोडले. त्याने शिट्टी खाली घेतली आणि मान लववली.