तोंड वाकडे झाले तर...

आमच्या धंतोलीत पावलोपावली दवाखाने आहेत. तरीही कार्यालयातील एका भगिनीचे तोंड वाकडे झाले, तेव्हा पहिला सल्ला मिळाला तो झाडफूक करणाऱ्याचा! कुणी म्हणाले 'वारं लागलं', कुणी म्हणाले 'लकवा मारला'. गंडेदोरे सोडलेल्या घरांतही अशा वेळी मन डळमळते.

आदल्या रात्री तिच्या कानामागे दुखत होते. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळाले. डावा डोळा मिटेना. हसताना तोंड उजवीकडे ओढले जाई. दुपारच्या आत आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कपाळाला आठ्या पाडायला सांगितले. डाव्या बाजूला एकही आठी पडली नाही. हात, पाय, बोलणे मात्र ठीक होते. निदान झाले 'बेल्स पाल्सी'. यात चेहऱ्याची नस सुजते व हाडातील अरुंद मार्गात दाबली जाते. सर चार्ल्स बेल यांनी १८२१ साली या नसेचे वर्णन केले, म्हणून हे नाव.

वाचक बंधु-भगिनींनो, मेंदूच्या झटक्यातही तोंड वाकडे होते. त्यात बहुधा कपाळावर आठ्या पडतात. पण एक हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून घरी परीक्षा करीत बसू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि मोठे रुग्णालय गाठा.

बेल्स पाल्सीत डॉक्टर ज्या स्टेरॉईडच्या गोळ्या देतात, त्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास गुण चांगला येतो. मधुमेह असल्यास आधी सांगावे. डोळा उघडा राहून कोरडा पडतो, म्हणून थेंब घालावे व झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करावी. कानात फोड आले असतील तर तेही दाखवावे.

आमची भगिनी दोन महिन्यांत बरी झाली. परंतु त्या दिवसांत ती तोंडावर पदर धरूनच कामावर येई. औषधाइतकेच आपले वागणेही महत्त्वाचे. कॅनडाचे ज्याँ क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून अधू होती. १९९३ च्या निवडणुकीत विरोधकांच्या जाहिरातीने त्यांच्या चेहऱ्याकडे बोट दाखविले. लोक संतापले, आणि क्रेतियाँ पंतप्रधान झाले. आपल्या शेजारी कुणाचे तोंड वाकडे झाले, तर त्याला हसू नका. रिक्षा बोलवा आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा.