पंचावन्न वर्षे आणि एक दिवस

‘शिक्षा कायद्यातच ठरवून टाका, न्यायाधीशाच्या मर्जीवर काही ठेवूच नका!’ मोठ्या गुन्ह्याची बातमी आली की कदंबच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यामागचा संताप खोटा नसतो. पण असे करून पाहिलेल्या देशात पुढे काय झाले, तेही पाहायला हवे.

अमेरिकेत राज्यांचे कायदे वेगळे आणि केंद्राचे वेगळे. केंद्राच्या कायद्यात १९६८ साली एक कलम आले. अमली पदार्थांचा व्यापार किंवा हिंसक गुन्हा करताना बंदूक बाळगली, तर मूळ शिक्षेखेरीज वेगळी शिक्षा. आज तिचा दर असा: नुसती जवळ ठेवली तर किमान ५ वर्षे, उगारली तर ७, झाडली तर १०. ही वर्षे मूळ शिक्षेबरोबर भोगून चालत नाही, ती संपल्यावर मोजायला लागायचे. याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर २५ वर्षे. हे ‘दुसऱ्यांदा’ एकाच खटल्यातले दुसरे कलमही असू शकते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले.

याचा हिशेब वेल्डन अँजेलोस या तरुणाला पुरता कळला. सॉल्ट लेक सिटीतला हा संगीत निर्माता. त्याने २००२ साली पोलिसांच्या खबऱ्याला तीन वेळा गांजा विकला, दर वेळी सुमारे सव्वादोनशे ग्रॅम. खबऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन वेळा त्याच्याजवळ पिस्तूल होते, घराच्या झडतीतही बंदुका मिळाल्या. त्याने ती कुणावर रोखली नव्हती, झाडली नव्हती. पाच अधिक पंचवीस अधिक पंचवीस, झाली पंचावन्न! केंद्रीय गुन्ह्यांना पॅरोल केव्हाच बंद झालेला.

न्यायाधीश पॉल कॅसल यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये ही शिक्षा सुनावली. ती अन्यायकारक, क्रूर आणि तर्कहीनही आहे, असे त्यांनी निकालपत्रातच लिहिले. त्याच दिवशी त्यांनी एका वृद्धेला ओंडक्याने मारून ठार करणाऱ्याला सुमारे २२ वर्षे दिली होती. कायद्याने हात बांधलेले, म्हणून त्यांनी अँजेलोसला उरलेल्या सगळ्या गुन्ह्यांसाठी मिळून फक्त एक दिवस दिला आणि राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा कमी करावी अशी शिफारस केली.

कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र या प्रकरणातली दुसरीच गोष्ट खुपते. खटल्याआधी सरकारी वकिलाने गुन्हा कबूल केल्यास सुमारे १५ वर्षांची तयारी दाखवली होती. आरोपीने नकार दिला, तेव्हा बंदुकीची आणखी कलमे जोडून नवे आरोपपत्र आले. घटना त्याच, माणूस तोच. म्हणजे मर्जी गेली कुठे? ती न्यायासनावरून उठून आरोपपत्र लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन बसली. न्यायाधीशाला निदान भर कोर्टात कारणे द्यावी लागतात, त्यावर अपील होते. कुठले कलम लावायचे याची कारणे कुणी विचारत नाही. कचेरीत दिवस काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. अर्ज कुठल्या सदरात टाकला, यावरच त्याचे नशीब ठरते.

अँजेलोस २०१६ मध्ये सुटला, २०२० मध्ये त्याला माफीही मिळाली. २०१८ च्या सुधारणेने २५ वर्षांचा दर आधी खरोखरच शिक्षा होऊन पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यापुरता ठेवला. पण जुन्या कैद्यांना तिचा लाभ आपोआप मिळाला नाही.

आपल्याकडेही शस्त्र कायद्यात १९८८ साली अशीच तरतूद आली होती. प्रतिबंधित शस्त्र वापरले आणि कुणाचा मृत्यू झाला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती तोलण्याचा न्यायाधीशाचा अधिकार असा काढून घेता येत नाही, हे त्यामागचे सूत्र.

सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपण म्हणतो. बंदुकीचा धाक घालणाऱ्यांना कडक शिक्षा जरूर व्हावी. फक्त ओले कुठले आणि सुके कुठले, हे पाहणारा माणूस भर कोर्टात बसलेला असावा. पुढच्या वेळी बसमध्ये ते वाक्य ऐकू आले, तर शेजाऱ्याला एवढे जरूर सांगा.